डाव्या अंगाची झीज

धोकटी उघडली तेव्हा आधी वास आला:
तुरटीचा, खोबरेलाचा, जुन्या चामड्याचा.
तळाशी, मलमलीच्या चिंधीत, हा वस्तरा.
पातं मुठीत घट्ट अडकलेलं,
दाढ दुखणाऱ्या माणसाच्या जबड्यासारखं.

घरात म्हणायचे, इंग्रज गार्डानं दिला उखर्डू आबाला,
भुसावळ जंक्शनात, भर मे महिन्यात,
गाडी तीन तास खोळंबली आणि साहेबाची दाढी झाली तेव्हा.
कुणी म्हणायचं, दिला कसला, विसरला.
आबा यावर कधीच काही बोलले नाहीत.

मी लोको शेडमधला टर्नर. लोखंडाला घाई करत नाही.
दोन रात्री रॉकेलमध्ये. मग केळीच्या खोडाची राख
बोटाच्या पेरानं, एकाच दिशेनं.
गंज आधी लाल उतरला, मग काळा,
मग काळ्याखाली राखाडी पाणी दिसलं,
हतनूर धरणाचं दिसतं पहाटे, तसं.

पात्याच्या मानेवर अक्षरं होती. अर्धी.
हैदर तडवी, पार्सल ऑफिसातून निवृत्त,
त्यांच्याकडे देशोदेशीच्या तिकिटांच्या अकरा वह्या.
भिंग लावून म्हणाले, "हे इंग्रजी नाही.
ए, सी, आय, ई, आर. माझ्या एका तिकिटावर आहे,
वर भट्टीचं चित्र. आसिए. म्हणजे पोलाद.
फ्रान्सचा आहे हा तुमचा साहेब."
मग त्याची जाड पाठ चाचपली, पाचरीसारखी.
"इतका जाड म्हणजे फार जुना."
म्हटलं, मग गार्डाची गोष्ट?
"गार्डाच्या आजोबाचा असेल," ते म्हणाले,
आणि चहात बिस्कीट बुडवून विसरले.

मुठीची एक फळी शिंगाची, किड्यांनी कुरतडलेली.
दुसरी काळ्या कंगव्यातून कापलेली,
कडेला दात्यांच्या खाचा अजून आहेत.
खिळा म्हणून तारायंत्राची तांब्याची तार,
दोन्हीकडून ठोकून बसवलेली. हे आबांचं काम.
शिंग मी बदललं. कंगवा ठेवला.

मग पातं काचेवर आडवं ठेवून पाठीखालचा उजेड पाहिला.
एक अंग जास्त झिजलेलं.
मायक्रोमीटर लावला. पुन्हा लावला.
उजवा हात निसण्यावर घासतो तेव्हा दाब इकडे पडतो.
इथे तिकडे पडला होता,
वर्षानुवर्षं.

आबा?
ज्यांचा उजवाच हात अख्ख्या बाजारपेठेनं पाहिला?
गिऱ्हाइकाच्या गालाला डावा हात चालत नाही.
पोराच्या जावळाला नाही, नवरदेवाला तर नाहीच नाही.
पण धार ते रात्री लावायचे, दुकान बंद करून,
चिमणीजवळ, आमच्याकडे पाठ करून.
मला वाटायचं, उजेडासाठी.

मी पाच वर्षांचा. पाटीवर ग काढत होतो.
बोटांवर चामोट्याचा फटका बसला.
"डाव्यानं लिहितात का रे भो?"
मग त्यांनीच तुरटी ओली करून आणली
आणि चोळली, कापलेलं नव्हतं तिथे,
चोळतच राहिले, आई जेवायला हाक मारेपर्यंत.

दोन्ही अंगं सारखी करता आली असती.
शेडमध्ये यंत्र आहे, सुटीच्या दिवशी चावी माझ्याकडे असते.
नाही केली.
अक्षरांपाशीही राख थांबवली.
आणखी घासलं असतं तर लखलखलं असतं,
आणि आसिए गेलं असतं.

आज धार पाहिली.
केळीच्या सोपटाचा एक धागा ताणून धरला,
वस्तरा उजव्या हातात.
धागा नुसता वाकला.
बाहेर ओट्यावर नातू त्याच्या मित्रांशी भांडत होता.
मी उठून दार लोटून घेतलं
आणि हात बदलला.